नावं नसलेलं कुटुंब : ‘द ॲडम्स फॅमिली’ ही मालिका कशी उभी राहिली

1938 सालच्या ऑगस्टमध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात एक व्यंगचित्र छापून आलं. जुनाट, पडझड झालेल्या वाड्याचा दिवाणखाना. सगळीकडे कोळिष्टकं. व्हॅक्यूम क्लीनर विकायला आलेला एक विक्रेता मोठ्या उत्साहानं यंत्राचे गुण सांगतोय. समोर काळ्या पायघोळ झग्यातली एक फिकट बाई आणि तिच्याजवळ दाढीवाला, धिप्पाड नोकर. दोघं शांतपणे ऐकून घेतायत. ज्या घरात कोळिष्टकं हीच शोभा आहे, तिथे हा माणूस धूळ ओढायचं यंत्र विकायला आलाय, एवढीच काय ती गंमत. बाईला नाव नाही, नोकराला नाही आणि घरालाही नाही.

याच चित्रातून पुढे सव्वीस वर्षांनी, 18 सप्टेंबर 1964 रोजी, एबीसी वाहिनीवर ‘द ॲडम्स फॅमिली’ सुरू झाली. मधल्या काळात काय घडलं, कोणी कोणता निर्णय घेतला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, ते या प्रकरणात मांडतो आहे. आपल्यापैकी बरेच जण या कुटुंबाला भेटले ते 2022 साली आलेल्या नेटफ्लिक्सच्या ‘वेन्सडे’ या मालिकेमुळे. मूळ मालिका संपली तेव्हा मुंबईत दूरदर्शन यायलाच सहा वर्षं अवकाश होता. त्यामुळे ही सुरुवातीची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेणाऱ्या प्रत्येकानं ती नीट पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

चार्ल्स ॲडम्स यांचा जन्म 7 जानेवारी 1912 रोजी न्यू जर्सीमधल्या वेस्टफील्ड या गावी झाला. जुनी व्हिक्टोरियन धाटणीची घरं आणि दफनभूमी यांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. तरुणपणी त्यांनी ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या गुन्हेकथांच्या मासिकात नोकरी केली. खुनाच्या जागी काढलेली छायाचित्रं छापण्याजोगी करायची, म्हणजे मृतदेहांवरचं रक्त ब्रशनं पुसून टाकायचं, हे तिथलं काम. ती प्रेतं मूळ रूपातच जास्त पाहण्यासारखी होती, असं ते नंतर सांगत. ‘द न्यू यॉर्कर’मध्ये त्यांचं पहिलं रेखाचित्र आलं 1932 साली.

व्हॅक्यूम क्लीनरचं चित्र त्यांनी एकदाच काढायचं म्हणून काढलं होतं. तीच माणसं पुन्हा आणा, असं सुचवलं संपादक हॅरल्ड रॉस यांनी. मग हळूहळू घर भरत गेलं. नोकराची दाढी गेली आणि चेहरा बोरिस कार्लोफच्या वळणावर गेला. (फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पडद्यावर साकारणारे हे नट. 1942 साली ॲडम्स यांचा ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ड’ हा संग्रह निघाला, त्याची प्रस्तावना त्यांनीच लिहिली.) मग नवरा आला, दोन मुलं आली, म्हातारी आली आणि एक टकला, गोलमटोल, खुनशी हसणारा इसमही आला.

या चित्रांची ताकद कुठे होती ते कळायला एकच चित्र पुरे. 1946 च्या नाताळातलं. वाड्याच्या दाराशी गाणी म्हणणारी मंडळी जमली आहेत आणि वर गच्चीवर हे कुटुंब उकळती कढई त्यांच्या डोक्यावर कलती करण्याच्या बेतात आहे. खाली एक शब्दही छापलेला नाही. कढई अजून ओतलेली नाही. पुढचा क्षण आपण आपल्या मनात पूर्ण करतो आणि तो पूर्ण केल्याबद्दल आपलीच आपल्याला थोडी लाज वाटते. ॲडम्स यांचं हसू जन्मतं ते चित्र आणि आपल्या मनातला पुढचा क्षण यांच्या मधल्या फटीत. 1940 सालचं त्यांचं गाजलेलं स्कीइंगचं चित्रही असंच. बर्फावरून घसरत गेलेल्या माणसाच्या पावलांची एक रेघ झाडाच्या डावीकडून गेली आहे आणि दुसरी उजवीकडून. हे कसं झालं ते चित्रकार सांगत नाही.

हजाराहून जास्त व्यंगचित्रं काढलेल्या या माणसाच्या कामात त्या कुटुंबाची चित्रं तशी थोडीच. तरी लोकांनी त्यांना ओळखायला सुरुवात केली ती याच कुटुंबावरून.

आता टीव्हीकडे वळू. 1957 साली स्क्रीन जेम्स या कंपनीनं युनिव्हर्सलचे 52 जुने चित्रपट, मुख्यतः भयपट, ‘शॉक’ या नावाखाली अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना दाखवायला दिले. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस घराघरांत पोचले. ज्यांच्या आईवडिलांनी हे चित्रपट थिएटरात घाबरत पाहिले होते, ती मुलं आता ते खिदळत पाहू लागली. 1958 मध्ये राक्षसांना वाहिलेलं एक मासिक निघालं आणि 1962 च्या ऑक्टोबरमध्ये राक्षसांच्या नाचाचं एक विनोदी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. याच वर्षांत टीव्हीवरची विनोदी कुटुंबं मात्र एकाच साच्यातली होती. नीटनेटकी आई, ऑफिसातून येणारे समंजस बाबा, हिरवळीचं अंगण आणि अर्ध्या तासात सुटणारा एखादा छोटासा पेच.

अडचण

डेव्हिड लेव्ही हे एनबीसी वाहिनीचे माजी कार्यक्रमप्रमुख. नोकरी सुटल्यावर ते स्वतःच्या मालिकेसाठी विषय शोधत होते. न्यू यॉर्कमध्ये एका पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत ॲडम्स यांच्या ‘होमबॉडीज’ या संग्रहाचं मुखपृष्ठ त्यांना दिसलं. सगळं कुटुंब त्यावर होतं. यातून मालिका निघेल, हे त्यांच्या मनानं तिथेच घेतलं, असं ते सांगत. ते ॲडम्स यांना भेटले आणि ॲडम्स तयार झाले.

कल्पना ऐकायला छान होती, पण करायला बसल्यावर दोन गाठी समोर आल्या.

पहिली गाठ कलेची. एका चौकटीच्या चित्रात बोलणं नसतं आणि काळही नसतो. ही माणसं एकमेकांची कोण, हेसुद्धा ॲडम्स यांनी मोकळं ठेवलं होतं. मालिकेसाठी त्यांनी पात्रांची छोटी टिपणं लिहून दिली. त्यात नवऱ्याबद्दल लिहिताना, या दोघांचं लग्न झालेलं असलंच तर, अशा अर्थाची पुस्ती त्यांनी जोडली. वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या जोडप्याचं लग्न झालंय का, हे खुद्द चित्रकारानं ठरवलेलं नव्हतं! टीव्हीला हे चालणार नव्हतं. दर आठवड्याला तीच माणसं परत येणार, त्यांनी एकमेकांना हाक मारायला हवी, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलायला हवं. कढई ओतली की नाही, हे टीव्हीला दाखवावंच लागतं. ओतली तर ते गुन्हेगार, आणि नाही ओतली तर मग त्यांच्यात वेगळं काय उरलं?

दुसरी गाठ हक्कांची. ॲडम्स यांची दुसरी पत्नी व्यवसायानं वकील होती. संसार दोन वर्षांतच मोडला, पण तेवढ्यात आपल्या चित्रांच्या टीव्ही आणि चित्रपट हक्कांवरचा ताबा ॲडम्स यांनी तिच्याकडे जाऊ दिला होता. आपलंच आडनाव लावून येणाऱ्या मालिकेच्या व्यवहारात ते सुरुवातीपासून दुबळ्या बाजूला होते.

समोर असलेले मार्ग

त्या काळचं टीव्ही पाहिलं तर चार वाटा उघड दिसतात. लेव्ही यांनी त्या कागदावर मांडून तोलल्या असतील असं मी म्हणत नाही, पण त्या क्षेत्रातल्या माणसाला त्या ठाऊक असणारच.

दर आठवड्याला नवी भयकथा आणि सुरुवातीला एक सूत्रधार, ही पहिली वाट. आल्फ्रेड हिचकॉक हे 1955 पासून करत होते, आणि एनबीसीवर कार्लोफ यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘थ्रिलर’ 1960 ते 1962 चालली होती. यात काळा विनोद शाबूत राहतो, पण कुटुंब हरवतं.

दुसरी वाट ॲनिमेशनची. एबीसीनंच 1960 मध्ये ‘द फ्लिंटस्टोन्स’ रात्रीच्या वेळेला आणून दाखवली होती. चित्राचं चित्रच राहिलं असतं. मात्र ॲडम्स यांच्या चित्रांचा जीव शाईच्या करड्या छटांत आहे आणि तेव्हाच्या स्वस्त, सपाट ॲनिमेशनमध्ये तो टिकला नसता.

तिसरी वाट म्हणजे लोकांना आधीच ठाऊक असलेले राक्षस घ्यायचे आणि त्यांना चारचौघांसारखं जगायला लावायचं. या वाटेनं दुसरं कोणीतरी गेलंच. त्याबद्दल पुढे.

चौथी वाट सगळ्यात धोक्याची. जिवंत नट घ्यायचे, राक्षसाचा मेकअप जवळजवळ करायचाच नाही, आणि ही माणसं फक्त वेगळ्या रीतीभातीची आहेत असं धरून चालायचं. भुतं नाहीत, शाप नाही, कसला खुलासाही नाही. लेव्ही या वाटेनं गेले. पाठीशी फिल्मवेज ही निर्मितीसंस्था होती. खेड्यातलं कुटुंब श्रीमंतांच्या वस्तीत राहायला जातं, या कल्पनेवरची ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ही त्यांची मालिका 1962 पासून जोरात चालू होती. चुकीच्या जागी पडलेल्या कुटुंबावर हसवायचा हातखंडा त्या घराकडे होता.

कोणते निर्णय घेतले

*नावं.* ती ॲडम्स यांनीच दिली. बाईचं नाव मॉर्टिशिया. इंग्रजीत अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाला मॉर्टिशियन म्हणतात. मुलीचं नाव सुचलं इंग्रजी बालगीतावरून. कोणत्या वारी जन्मलेलं मूल कसं निघतं हे त्यात सांगितलंय, आणि बुधवारचं मूल दुःखानं भरलेलं. म्हणून वेन्सडे. तिच्या टिपणात ॲडम्स यांनी तिच्या एका पायाला सहा बोटं असल्याचंही लिहून ठेवलं! मुलासाठी त्यांनी आधी प्युबर्ट हे नाव काढलं होतं. वयात येण्याच्या इंग्रजी शब्दाशी ते फार जवळचं वाटलं म्हणून वाहिनीच्या काळात ते गळालं आणि पग्स्ली आलं. (टाकलेलं प्युबर्ट 1993 च्या चित्रपटात बाळाला मिळालं.) नवऱ्यासाठी गोमेझ किंवा रेपेली अशी दोन नावं होती. निवड नट जॉन ॲस्टिन यांच्यावर सोडली गेली आणि त्यांनी गोमेझ घेतलं. सगळ्यांना मिळून आडनाव मिळालं ते चित्रकाराचंच.

*प्रेम.* माझ्या मते मालिकेला जिवंत करणारा निर्णय हा. ॲस्टिन यांना आधी नोकराच्या, म्हणजे लर्चच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं. लेव्ही यांना त्यांच्यात घरचा कर्ता दिसला. दोघांच्या बोलण्यातून, ॲस्टिन यांनी नंतर अनेकदा सांगितल्याप्रमाणे, असं ठरलं की हे नवरा-बायको एकमेकांच्या प्रेमात बुडालेले असतील, लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी. मॉर्टिशियाच्या तोंडून एक फ्रेंच शब्द आला की गोमेझ तिच्या हाताचं चुंबन घेत खांद्यापर्यंत पोचतो.

याची नवलाई आज चटकन जाणवत नाही. तेव्हाच्या मालिकांतली बहुतेक जोडपी एका खोलीत दोन वेगळ्या पलंगांवर झोपत. नवऱ्यानं बायकोची टर उडवायची आणि बायकोनं त्याच्यापासून खर्च लपवायचा, यावर विनोद चाले. इथे मात्र टीव्हीवरचं सगळ्यात विचित्र घर हेच सगळ्यात सुखी घर होतं. आवाज चढत नाही, कोणी कोणाला कमी लेखत नाही, मुलांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, सासू आणि काका घरातच राहतात. चित्रातल्या रिकाम्या जागा भरायला लेव्ही आणि मंडळींनी क्रौर्य वापरलं नाही, जिव्हाळा वापरला. कढई ओतायची की नाही हा प्रश्नच त्यामुळे बाजूला पडला. या माणसांना पाहुण्याचं वाईट करायचं नसतंच. आपल्या परीनं ते त्याचा पाहुणचार करतात, आणि पाहुणा भेदरून पळतो तेव्हा त्याला काय झालं हे त्यांना कळत नाही.

पहिल्याच भागात हे किती स्पष्ट मांडलंय पाहा. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शिक्षणखात्याचा एक माणूस घरी येतो. समजूत घातल्यावर मुलं शाळेत जातात, आणि वेन्सडे रडत घरी येते. शाळेत तिला परीकथेचं पुस्तक वाचायला दिलं होतं आणि त्यात एका सरदारानं ड्रॅगनला मारलं! आईवडील हादरतात. लहान मुलांच्या हातात असलं हिंसक पुस्तक कोणी दिलं? पटकथेची ही कलाटणी मला फार मोलाची वाटते. ड्रॅगनच्या बाजूनं विचार करणारं घर आहे, एवढंच ठरवलं आणि पुढच्या सगळ्या भागांचा दृष्टिकोन पक्का झाला.

लेखनाची सूत्रं नॅट पेरिन यांच्या हाती होती. त्यांनी पूर्वी मार्क्स बंधूंसाठी, म्हणजे अमेरिकी पडद्यावरच्या धमाल विनोदवीर भावांसाठी, लिहिलं होतं. गोमेझची तलवारबाजी, खेळण्यातल्या आगगाड्या एकमेकांवर आदळून उडवून देण्याचा त्याचा छंद, त्याच्या बोलण्याचा सुसाट वेग, यात त्या घराण्याचा रंग दिसतो. ॲडम्स यांच्या चित्रांतली स्तब्धता इथे नाही. ते नुकसान आहे, पण अर्धा तास स्तब्धतेवर चालवणं शक्य नव्हतं.

*नट.* मॉर्टिशिया केली कॅरोलिन जोन्स यांनी. ऑस्करचं नामांकन मिळवलेली ही अभिनेत्री इथे आवाज खाली ठेवून, हात छातीशी घेऊन, जवळजवळ न हलता काम करते. घराची खरी सूत्रं हिच्या हातात, असं ॲडम्स यांनी टिपणात लिहिलं होतं, आणि जोन्स यांनी ते नेमकं ओळखलं. अंकल फेस्टर झाले जॅकी कूगन. 1921 साली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला तो गोड मुलगा म्हणजे हेच. त्यांची लहानपणीची कमाई घरच्यांनीच उडवली, आणि त्या खटल्यातून बालकलाकारांच्या पैशाचं रक्षण करणारा कायदा कॅलिफोर्नियात 1939 मध्ये झाला. ‘द किड’नंतर चाळिसेक वर्षांनी तेच कूगन डोकं तुळतुळीत करून, तोंडात दिवा पेटवत लोकांना हसवायला परत आले.

लर्च मुळात मुका होता. ॲडम्स यांच्या टिपणातही तो मुकाच आहे. सहा फूट नऊ इंच उंचीचे टेड कॅसिडी यांनी घंटेला उत्तर म्हणून खोल आवाजात ‘यू रँग?’ असं आपल्या मनानं टाकलं. ते राहिलं आणि लर्चला वाचा फुटली. ठरलेली गोष्ट डोळ्यांसमोर मोडत असताना ती मोडू द्यायचं धाडस निर्मात्यांनी दाखवलं, याची दाद द्यायला हवी. पेटीतून बाहेर येणारा थिंग नावाचा हात बहुतेक वेळा कॅसिडी यांचाच असे. नखशिखांत केसांनी झाकलेला कझिन इट तर टीव्हीवरच जन्माला आला.

*ताल.* संगीतकार व्हिक मिझी यांनी शीर्षकगीत हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर बसवलं आणि मध्ये दोन चुटक्या घातल्या. कोरससाठी गायक घ्यायला फिल्मवेज पैसे देईना. मिझी यांनी स्वतःचाच आवाज तीनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवला आणि गाण्याचे हक्क आपल्याकडे ठेवले.

त्याच मोसमात दुसरं घर

‘द ॲडम्स फॅमिली’ सुरू झाली त्यानंतर सहाव्या दिवशी, 24 सप्टेंबर 1964 ला, सीबीएसवर ‘द मन्स्टर्स’ आली. एकाच आठवड्यात दोन वाहिन्यांवर दोन भुताळ घरं! मूळ कल्पना ॲलन बर्न्स आणि ख्रिस हेवर्ड यांची. ती ॲडम्स यांच्या व्यंगचित्रांवरूनच उचलली होती, हे बर्न्स यांनी पुढे मोकळेपणानं मान्य केलं. पण मालिका करणार होती युनिव्हर्सल, आणि फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं प्रसिद्ध रूप त्यांच्या मालकीचं होतं. मग त्यांनी तेच वापरलं. वर सांगितलेली तिसरी वाट ती हीच.

दोन्ही घरांतला फरक पाहण्यासारखा आहे. हर्मन मन्स्टर हा साधा कष्टकरी बाप. आपण इतरांसारखेच आहोत अशी त्याची पक्की समजूत, आणि विनोद येतो तो ती समजूत आणि त्याचा चेहरा यांच्या विसंगतीतून. ॲडम्स मंडळी दिसायला माणसांसारखीच, पण जगाच्या मापानं स्वतःला मोजतच नाहीत. आपल्या खेड्यातल्या भाषेत सांगायचं तर एका घरात खविसाला शेजाऱ्यांसारखं जगायचं आहे, आणि दुसऱ्या घरात माणसांना स्मशानाकाठचं राहणं आवडतं. पहिली कल्पना पाहताक्षणी कळते. दुसरी रुजायला वेळ घेते आणि जास्त दिवस टिकते, असं माझं मत आहे.

काय झालं

पहिल्या वर्षी दोन्ही मालिका अमेरिकेतल्या पहिल्या पंचवीस कार्यक्रमांत होत्या. दुसऱ्या वर्षी दोन्हींची लोकप्रियता घसरली. जानेवारी 1966 मध्ये एबीसीनं रंगीत ‘बॅटमॅन’ आणली आणि गुरुवारी ती थेट ‘द मन्स्टर्स’समोर उभी राहिली. मोठ्या वाहिन्यांचे रात्रीचे कार्यक्रम पुढच्या मोसमापासून रंगीत होणार होते, आणि ही दोन्ही घरं कृष्णधवल होती. ‘द ॲडम्स फॅमिली’ 8 एप्रिल 1966 ला 64 भागांवर थांबली. ‘द मन्स्टर्स’ महिन्याभरानं 70 भागांवर.

मालिका थांबली तरी घर उठलं नाही. पुनःप्रक्षेपणातून दुसरी पिढी तयार झाली. 1973 मध्ये ॲनिमेशन, 1991 आणि 1993 मध्ये चित्रपट, 2010 मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका, मग नेटफ्लिक्स. यातल्या प्रत्येकानं 1964 ची नावं घेतली, आणि बहुतेकांनी ते प्रेम आणि त्या दोन चुटक्याही घेतल्या.

ॲडम्स यांच्या वाट्याला मात्र एक तोटा आला, आणि तो मला आजही खुपतो. ‘द न्यू यॉर्कर’चे तेव्हाचे संपादक विल्यम शॉन यांनी, मालिका आल्यावर, हे कुटुंब साप्ताहिकात छापणं बंद केलं. टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारी पात्रं त्यांना आपल्या पानांवर नको होती. ॲडम्स यांची बाकी चित्रं येत राहिली. ज्या कागदावर हे कुटुंब जन्मलं, तिथेच त्याला दार बंद झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हक्कांचं. ॲडम्स यांनी कागदावर सही केली तेव्हा ही चित्रं पुढे मालिका होतील असं कोणाला वाटलं नसणार. 1950 च्या दशकात व्यंगचित्राचे टीव्ही हक्क ही मोलाची वस्तू आहे हे कळायला दूरदृष्टी लागली असती. तरीही छापण्याचे, पडद्याचे आणि वस्तूंचे हक्क वेगवेगळ्या कागदांवर ठेवता आले असते, आणि घरातल्या व्यवहारासाठी त्रयस्थ वकील घेता आला असता. त्याच मालिकेत मिझी यांनी उलटं केलं. गायकांचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर ते रागावून निघून गेले नाहीत, त्या बदल्यात हक्क राखले. दोन चुटक्यांवर बेल एअरमध्ये, लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंतांच्या वस्तीत, राहायला मिळालं, असं ते पुढे सांगत. एकाच घरासाठी दोघांनी काम केलं. ज्याची कल्पना होती त्याचा हात रिकामा राहिला आणि ज्यानं ताल दिला त्याचं भलं झालं.

वेन्सडेबद्दलही मनात येतं. ॲडम्स यांच्या टिपणातली मुलगी गंभीर, एकटी, थोडी हरवलेली. 1964 मध्ये सहा वर्षांच्या लिसा लोरिंगनं ती गोड आणि हसरी केली. बाहुलीचं डोकं उडवलेलं, पण मन लोण्याचं. लहान मुलीला याहून काळोखी करायला तेव्हाची वाहिनी तयार झाली असती असं मला वाटत नाही, पण थोडं धाडस केलं असतं तर मूळ पात्राचा धागा तेव्हाच हाती आला असता. तो 1991 च्या चित्रपटात क्रिस्टिना रिचीनं पकडला आणि आज जग ओळखतं ती वेन्सडे त्या धाग्यातून आली.

रंगाबाबत दोष कोणाला द्यावा कळत नाही. करड्या छटांतल्या चित्रांना कृष्णधवल पडदाच शोभत होता. 1966 च्या बाजारात मात्र तोच ओझं झाला. तिसरं वर्ष रंगात करायचं तर खर्च वाढणार, आणि घसरत्या मालिकेवर तो करायची कोणाची तयारी नव्हती.

राहिला शॉन यांचा निर्णय. संपादक म्हणून आपल्या साप्ताहिकाचं वेगळेपण जपायचा त्यांचा हेतू मी समजू शकतो. तरी एक मधला मार्ग होता. टीव्हीवर ठरलेली नावं आणि नाती वापरायची नाहीत, चित्रं जुन्यासारखी बिनबोलकी ठेवायची, या अटीवर ते कुटुंब छापत राहता आलं असतं. मॉर्टिशियाला मॉर्टिशिया न म्हणता, काळ्या झग्यातली ती बाई म्हणून. ॲडम्स यांना तीच तर हवी होती. शॉन 1987 मध्ये साप्ताहिकातून गेले तेव्हा ॲडम्स पंचाहत्तरीचे होते. 29 सप्टेंबर 1988 ला न्यू यॉर्कमध्ये, घराबाहेर उभ्या केलेल्या गाडीत बसलेले असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले.